'कॉल ऑफ' लिहिलं आणि इन्स्पेक्शनच रद्द झालं

पत्र

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच आणि एक्सपोर्टचं काम बघतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. परदेशी गिऱ्हाइकांशी रोजचा मेल-व्यवहार त्यांच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात भट्टी बिघडली म्हणून मंगळवारचं इन्स्पेक्शन गुरुवारी घ्यायचं ठरलं. त्यांनी तसं कळवलं, पण 'पुट ऑफ' (पुढे ढकलणं) याच्या जागी 'कॉल ऑफ' (रद्द करणं) पडलं. इन्स्पेक्शन रद्द झालं असं समजून गिऱ्हाइकानं आपल्या माणसाचं तिकीटच रद्द केलं आणि माल दोन आठवडे अडकला. तेव्हापासून प्रत्येक मेल आधी मॅनेजरना दाखवायची, अशी मालकांची अट आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेली एक सहकारी येता-जाता टोमणे मारते. ताईंनी फ्रेजल व्हर्ब्जचं, म्हणजे 'पुट ऑफ'सारख्या मागे छोटा शब्द जोडलेल्या क्रियापदांचं, जाडजूड पुस्तक आणलंय. खानापूर-बेळगाव बसमध्ये त्या रोज वीस पाठ करतात आणि आठवड्याभरात विसरतात. त्या विचारतात: वाक्यात नेमकं कुठलं फ्रेजल व्हर्ब घालायचं, याचा काही नियम आहे का? की ती वापरणंच सोडून द्यावं? आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहे. तिला इंग्रजी माध्यमात घातलं तर तिच्यावर तरी ही पाळी येणार नाही ना?

उत्तर

ताई,

चुकलेला मेल तुम्ही पत्रात जसाच्या तसा उतरवून दिलात, त्यामुळे नेमकं बोलता येतंय. तुमचं वाक्य होतं, 'वी हॅव कॉल्ड ऑफ द इन्स्पेक्शन टु थर्सडे.' दिवसाला शंभर मेल वाचणारा माणूस 'कॉल्ड ऑफ द इन्स्पेक्शन' इथपर्यंत येतो आणि त्याच्या डोक्यात निकाल लागतो, रद्द. पुढचं 'टु थर्सडे' त्याला खटकायला हवं होतं, पण 'गुरुवारचं' असं काहीतरी समजून तो पुढे गेला असणार. म्हणजे चूक एका शब्दाची होती आणि तो शब्द तारखेच्या वाक्यात होता. तो दुसऱ्या एखाद्या वाक्यात असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ही अदलाबदल का झाली असेल? दोन्हींत 'ऑफ' आहे. दोन्ही ठरलेल्या कार्यक्रमाबद्दल बोलतात, आणि दोन्हींत कार्यक्रम त्या दिवशी होत नाही. तुमच्या पुस्तकात बहुधा दोन्ही 'ऑफ'च्या एकाच पानावर, एकाखाली एक छापलेली असतील. दिसायला सारखे आणि अर्थानं शेजारी असलेले शब्द एका बैठकीत पाठ केले की आठवताना एकाच्या जागी दुसरा येतो. यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही, यादीच्या रचनेचा आहे. ती पानं जितकी घोकाल तितका गोंधळ पक्का होईल. म्हणून ते पुस्तक पाठ करणं आजपासून बंद करा. दुसऱ्यानं लिहिलेल्या वाक्याचा अर्थ शोधायला ते कामाला येईल, तेवढ्यापुरतं टेबलावर राहू दे.

पत्रात तुम्ही 'मराठी माध्यमामुळे' असं तीनदा लिहिलंय. ते मला पटत नाही. क्रियापदाला मागून छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची ही इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यात जड जाते, असं सॅम्युएल जॉन्सननं आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत १७५५ साली लिहून ठेवलंय. तेव्हा ना मराठी माध्यम होतं ना इंग्रजी माध्यम.

आणि ही खोड आपल्याला अनोळखीही नाही. 'बोलणे' हे एकच क्रियापद घ्या. मनातलं एकदाचं बोलून टाकलं. केलेले उपकार बोलून दाखवले. नको ते बोलून बसला. सहज बोलून गेला. दोघांनी आपसात बोलून घेतलं. मागचा शब्द बदलला की माणसाचा हेतूच बदलतो, आणि हे कुणी आपल्याला तक्ता करून शिकवलेलं नाही. तुम्ही बेळगावात काम करता म्हणजे कन्नडही कानावर असणारच. 'माडिबिडु' म्हणजे करून टाक, 'माडिको' म्हणजे करून घे, 'माडिकोडु' म्हणजे करून दे. बाजारात रोज ऐकता-बोलताना हे अंगवळणी पडलं. इथे दोन भाषांत जमलं ते तिसरीत जमायला वेळ लागतोय इतकंच, कारण ती तिसरी भाषा तुम्ही ऐकत नाही, यादीतून वाचता.

आता यादीच्या लांबीची भीती. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस नावाचा १० कोटी शब्दांचा इंग्रजी मजकुराचा संग्रह आहे. त्याच्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की २० क्रियापदं आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांतच फ्रेजल व्हर्ब्जचा निम्म्याहून जास्त वापर सामावतो. ती ८ अशी: आउट, अप, ऑन, बॅक, डाउन, इन, ऑफ, ओव्हर. क्रियापदंही साधीच आहेत: गो, कम, टेक, गेट, सेट, कॅरी, टर्न, ब्रिंग, लुक, पुट, पिक, मेक वगैरे. एकेका जोडीला अनेक अर्थ असतात हे खरं, पण ते सगळे तुमच्या ऑफिसात येत नाहीत. एक्सपोर्टच्या मेलमध्ये लागणारी फ्रेजल व्हर्ब्ज मोजलीत तर तीस-चाळीसच्या आसपास भरतील.

तुम्ही नियम विचारलात. एकच एक नियम नाही, पण निवडायची रीत आहे: मराठी अर्थाकडे बघून निवडू नका, वाक्यातल्या कर्माकडे बघा. आपण 'काय' करतोय ते नाम आधी लिहा आणि त्या नामाबरोबर कुठलं फ्रेजल व्हर्ब जातं ते शोधा. 'कॅरी आउट' इन्स्पेक्शन, टेस्ट, रिपेअर, इन्स्ट्रक्शन्स यांच्याबरोबर जातं. 'सॉर्ट आउट' प्रॉब्लेमबरोबर जातं. 'पॉइंट आउट' चूक किंवा फरक दाखवायला. 'लुक इंटू' तक्रारीबरोबर आणि कारणाबरोबर, तर 'लुक आफ्टर' मूल, आजारी माणूस, दुकान अशा सांभाळायच्या गोष्टींबरोबर. कधीकधी नाम बदललं की त्याच फ्रेजल व्हर्बचा अर्थ उलटापालटा होतो. 'टर्न डाउन द ऑफर' म्हणजे देकार नाकारणं, 'टर्न डाउन द हीट' म्हणजे आच कमी करणं. हे दोन अर्थ वेगवेगळे पाठ करायची गरज नाही, 'ऑफर' आणि 'हीट' हे शब्दच ते सांगून टाकतात.

तुमच्या प्रकरणात मात्र कर्मानं मदत केली नसती. इन्स्पेक्शन, मीटिंग, व्हिजिट ही 'पुट ऑफ'लाही चालतात आणि 'कॉल ऑफ'लाही. तिथे वाक्याचं दुसरं टोक बघायचं. 'पुट ऑफ'च्या मागे 'टिल' किंवा 'अन्टिल' येऊन नवी तारीख येऊ शकते. 'कॉल ऑफ'च्या मागे नवी तारीख येत नाही, कारण रद्द झालेल्या गोष्टीला तारीख कुठली? म्हणून वाक्यात नवा दिवस लिहायचा असेल तर 'कॉल ऑफ' तिथे बसूच शकत नाही. 'पुट ऑफ'बद्दल आणखी एक जपा: 'द कस्टमर वॉज पुट ऑफ बाय द डिले' याचा अर्थ गिऱ्हाइकाला पुढे ढकललं असा नाही, उशिरामुळे त्याचं मन उडालं असा आहे.

आणि कार्यक्रम अलीकडे ओढायचा असेल तर? आपल्याकडे 'प्रीपोन' चालतं आणि भारतात कुणाचं त्यावाचून अडत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. 'मूव्ह फॉरवर्ड' टाळा. मीटिंग 'मूव्ह फॉरवर्ड' केली म्हणजे अलीकडे आणली की पुढे नेली, याबद्दल खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत होत नाही.

तुमचा पूर्ण मेल असा होता: 'द फर्नेस हॅज ब्रोकन. वी हॅव कॉल्ड ऑफ द इन्स्पेक्शन टु थर्सडे. वी आर लुकिंग आफ्टर द प्रॉब्लेम. प्लीज फिल अप द ॲटॅच्ड फॉर्म. वी आर लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू.'

पहिल्याच वाक्यात एक अडचण आहे, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. 'ब्रोकन' म्हटलं की वस्तू फुटली, तुटली, तडकली असं डोळ्यांपुढे येतं. चालता चालता मशीन बंद पडलं तर 'ब्रोक डाउन'. इंडक्शन फर्नेसचं अस्तर फुटणं आणि कंट्रोल पॅनेल बिघडून भट्टी बंद पडणं यात कित्येक दिवसांचा फरक आहे, आणि 'ब्रोकन' वाचून गिऱ्हाईक पहिलंच धरून चालणार. इन्स्पेक्शन रद्द झालं यावर त्याचा इतक्या चटकन विश्वास बसला, त्याला हे वाक्यही कारण असू शकतं.

'लुकिंग आफ्टर द प्रॉब्लेम' म्हणजे अडचण जपणं, तिची निगा राखणं. गिऱ्हाईक समजून घेईल, पण तिथे 'लुकिंग इंटू' हवं. टाकी भरायची तर 'फिल अप', फॉर्मसाठी ब्रिटिश लोक 'फिल इन' म्हणतात आणि अमेरिकन 'फिल आउट'. भारतात सर्रास 'फिल अप द फॉर्म' चालतं, त्यानं गैरसमज होणार नाही, तरी सवय बदलणं सोपं आहे.

शेवटच्या वाक्यात 'हिअर' नव्हे, 'हिअरिंग' हवं. ही चूक मोठमोठ्या ऑफिसांच्या मेलमध्ये दिसते. 'लुक फॉरवर्ड टु' यातला 'टु' नामाच्या आधी येणारा आहे. ताडून बघायला तिथे 'युअर रिप्लाय' घाला: 'लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय' बरोबर लागतं. नाम जिथे बसतं तिथे क्रियापदाला 'इंग' लावावा लागतो. 'यूज्ड टु' म्हणजे सवय असणं आणि 'ऑब्जेक्ट टु' यांनाही हीच कसोटी लावा.

मी तो मेल असा लिहिला असता: 'द इंडक्शन फर्नेस ब्रोक डाउन ऑन मंडे. वी हॅव देअरफोर पोस्टपोन्ड द इन्स्पेक्शन फ्रॉम ट्यूजडे, १२ नोव्हेंबर, टु थर्सडे, १४ नोव्हेंबर. इट हॅज नॉट बीन कॅन्सल्ड. वी आर लुकिंग इंटू द कॉज अँड विल सेंड यू अ रिपोर्ट बाय वेन्सडे. प्लीज फिल इन द ॲटॅच्ड फॉर्म. आय लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय.'

यात मी 'पुट ऑफ' मुद्दामच वापरलेलं नाही. इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, की फ्रेजल व्हर्ब्ज सोडूनच द्यावीत का. पूर्ण सोडता येणार नाहीत. 'ब्रोक डाउन'ला एका शब्दाचा सहज पर्याय नाही, 'रन आउट ऑफ स्टॉक' टाळून 'एग्झॉस्ट' लिहिलंत तर मेल सरकारी पत्रासारखा वाटेल. पण जिथे गैरसमजाची किंमत मोजावी लागते तिथे एकशब्दी क्रियापद वापरणं हाच शहाणपणा आहे. तारीख, पैसे, रद्द करणं, माल नाकारणं, मालाचा दर्जा, हे पाच विषय निघाले की 'पोस्टपोन', 'कॅन्सल', 'रिजेक्ट', 'रिटर्न', 'रिप्लेस' असे सरळ शब्द लिहा आणि तारीख वारासकट पूर्ण द्या. तुमचं गिऱ्हाईक जर्मन किंवा इटालियन असेल तर इंग्रजी त्याचीही परकी भाषा आहे, आणि 'पोस्टपोन' त्याला 'पुट ऑफ'पेक्षा लवकर कळेल.

हा कच्च्या इंग्रजीचा आडोसा आहे असं समजू नका. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई १०० नावाचं सोप्या तांत्रिक इंग्रजीचं प्रमाण आहे. त्यात फ्रेजल व्हर्ब्ज वापरू नयेत असाच नियम आहे, कारण नट आवळणारा मेकॅनिक जगात कुठल्याही भाषेचा असू शकतो. बेळगाव परिसरात आता विमानांचे सुटे भाग होतात, त्या कारखान्यांतल्या वाचकांनी हा नियम माहीत करून घ्यावा. फ्रेजल व्हर्ब्ज जास्त म्हणजे इंग्रजी चांगलं, ही समजूत तुमच्या पुस्तकानं करून दिलेली दिसते. बोलण्यातल्या इंग्रजीला ती हवीतच, स्पेसिफिकेशनला नकोत.

जी वापराल त्यांत कर्माची जागा चुकवू नका, कारण तिथली चूक लगेच डोळ्यांत भरते. कर्म नाम असेल तर बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतं: 'स्विच ऑफ द मोटर' किंवा 'स्विच द मोटर ऑफ'. पण नामाच्या जागी 'इट' किंवा 'देम' आलं की ते मध्येच गेलं पाहिजे: 'स्विच इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' कधीच नाही. उलट 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'लुक इंटू', 'डील विथ' यांत मध्ये काहीही शिरत नाही: 'लुक इंटू इट', 'डील विथ देम'. ओळखायची खूण अशी: मागचा शब्द अप, डाउन, आउट, ऑफ, अवे, बॅक यांपैकी असेल तर बहुतेक वेळा फोडता येतं, विथ, फॉर, आफ्टर, इंटू, ॲट असेल तर फोडायचं नाही. 'ऑन' आणि 'ओव्हर' दोन्हींकडे असतात. 'टर्न इट ऑन' बरोबर, पण 'काउंट ऑन इट'. 'हँड इट ओव्हर' बरोबर, पण 'गेट ओव्हर इट'. 'गेट ऑफ द बस' असे काही अपवादही आहेत. एवढ्यासाठी शब्दकोश उघडायचा. लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश नेटवर फुकट बघता येतो. क्रियापदाच्या नोंदीत खाली फ्रेजल व्हर्ब्ज दिलेली असतात, आणि फोडता येणाऱ्याच्या मध्ये दोन टोकांचा बाण असतो. कर्म कुठे लिहिलंय तेवढं बघितलं तरी काम होतं.

तीन शब्दांची असतील तर जास्त सावध राहा. परदेशी पाहुण्याची राहायची सोय करताना 'वी विल पुट यू अप ॲट अ हॉटेल निअर कॅम्प' हे उत्तम वाक्य आहे. त्यात 'विथ' घुसून 'वी विल पुट अप विथ यू' झालं तर अर्थ होतो, आम्ही तुम्हाला सहन करू.

एक गोष्ट आपल्याला आयती मिळालेली आहे आणि तीच गोत्यातही आणते. ब्रेकडाउन, सेटअप, फॉलोअप, बॅकअप, चेकअप, टेकऑफ, लेऑफ हे सगळे शब्द आपण मराठीत रोज वापरतो. गाडी ब्रेकडाउन झाली, पेमेंटचा फॉलोअप घेतला, मशीनचा सेटअप लावला. म्हणजे डझनभर फ्रेजल व्हर्ब्ज तुम्हाला आधीपासून येतात. पण ती आपण नाम म्हणून घेतली आणि पुढे 'करणे', 'होणे' लावून चालवली. तीच नामं इंग्रजीत क्रियापदाच्या जागी उचलून ठेवली की बिघडतं. इंग्रजीत नाम एकसंध किंवा मध्ये आडवी रेघ देऊन लिहितात, क्रियापद दोन सुटे शब्द असतात, आणि काळ बदलला की पहिला शब्द बदलतो. 'देअर वॉज अ ब्रेकडाउन', पण 'द मशीन ब्रोक डाउन'. 'द सेटअप टुक टू अवर्स', पण 'वी सेट अप द मशीन'. 'लॉगिन्ड' असा शब्द नाही, 'लॉग्ड इन' आहे. पाठपुराव्याचं वाक्य तुमच्याकडे रोज लागत असणार: 'आय विल फॉलोअप यू' चूक. ज्या विषयाचा पाठपुरावा त्याच्याआधी 'ऑन', ज्या माणसाकडे त्याच्याआधी 'विथ': 'आय विल फॉलो अप विथ द ट्रान्सपोर्टर ऑन द पेमेंट.' उच्चारातही फरक आहे. नामात जोर पहिल्या भागावर, क्रियापदात नंतरच्या छोट्या शब्दावर. फोनवर बोलताना हे ध्यानात ठेवा.

टोमणे मारणाऱ्या सहकाऱ्याबद्दल थोडंच. 'कोप अप विथ' (बरोबर रूप फक्त 'कोप विथ'), 'रिटर्न बॅक', 'आय पास्ड आउट इन २०१६' ही वाक्यं इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून शिकलेली माणसंच सगळ्यात सहज बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, भारतभर ती समजतात. परदेशी माणसाला मात्र 'पास्ड आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणं वाटतं. लष्कराची गोष्ट वेगळी: आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमधून जवान 'पास आउट' होतात ते ब्रिटिश इंग्रजीतही बरोबरच आहे. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएटेड' लिहा. माध्यमानं उच्चार आणि धीटपणा येतो. नेमका शब्द निवडणं ज्यानं-त्यानं शिकावं लागतं.

मुलीच्या शाळेचा निर्णय या एका मेलवर घेऊ नका. शाळा घराजवळ आहे का, बाई कशा शिकवतात, घरात तिच्याशी कोणत्या भाषेत अभ्यास घेता येईल, हे बघून ठरवा. मराठी शाळेत घालून इंग्रजी पक्कं करता येतं. सीमाभागातल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून दोन-तीन भाषा पडत असतात, त्याचा त्यांना तोटा नाही.

आता रोजचं काम. एक दोनशे पानी वही घ्या. मागच्या तीन महिन्यांतले गिऱ्हाइकांनी तुम्हाला पाठवलेले मेल उघडा, तुमचे नव्हे, त्यांचे. त्यातली फ्रेजल व्हर्ब्ज पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवा, एका पानावर एकच. वाक्याखाली त्याच्याबरोबर जाणारी तुमच्या कामातली तीन-चार नामं लिहा. त्याखाली तेच वाक्य 'इट' किंवा 'देम' घालून लिहा. मग भूतकाळात. आणि एकशब्दी पर्याय असेल तर तो. मराठी अर्थ हवा तर पानाच्या मागे, पुढे नको; पुढे लिहिलात की डोळे आधी तिकडेच जातात. 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ' यांची पानं शेजारी नकोत आणि एकाच आठवड्यातही नकोत. एक घट्ट बसलं की दुसरं. आठवड्याला पाच पुरेत. बसमध्ये वही वाचू नका, मराठी वाक्य मनात आणा आणि इंग्रजी वाक्य पुटपुटा, अडलं तरच पान उघडा. आठवायची ओढाताण झाली तरच ते टिकतं. त्याच दिवशीच्या एखाद्या खऱ्या मेलमध्ये त्यातलं एक वापरा.

मेल पाठवण्याआधी मेलमधली फ्रेजल व्हर्ब्ज अधोरेखित करा. ज्याच्याबद्दल शंभर टक्के खात्री नाही ते काढून सरळ शब्द घाला. मोबाइलवरच्या भाषांतरात इंग्रजी वाक्य टाकून मराठी काय निघतं ते बघा. 'कॉल्ड ऑफ' टाकलं असतंत तर तिथे 'रद्द' आलं असतं आणि तुम्ही थांबला असता. या तपासणीत अर्थाची चूक सापडते, कर्माच्या जागेची सापडेलच असं नाही. त्यासाठी कोशातला तो बाणच बघावा लागतो.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. परीक्षेची तयारी करणाऱ्यांना गाळलेल्या जागा भरायच्या असतात, त्यांना यादी टाळता येणार नाही. पण तीही वाक्यांसकट आणि विस्कळीत क्रमानं करा, 'लुक'ची सगळी एका रात्रीत नको. नर्सिंग करून परदेशी जाणाऱ्या मुलींचं उलट आहे. त्यांनी लिहिताना काही वापरलं नाही तरी चालेल, पण पेशंटचं ऐकून कळलंच पाहिजे. तिकडचा पेशंट 'व्हॉमिट' म्हणत नाही, 'आय थ्रू अप' म्हणतो. शुद्ध हरपली तर 'पास्ड आउट', शुद्धीवर आला तर 'केम राउंड', दुखणं पुन्हा उफाळलं तर 'फ्लेअर्ड अप', आणि 'पास्ड अवे' म्हणजे वारले. 'पास्ड आउट' आणि 'पास्ड अवे' यांत एका छोट्या शब्दाचा फरक आहे. त्यांनी आजाराच्या पंधरा-वीस फ्रेजल व्हर्ब्जची वेगळी वही करावी आणि ती मोठ्यानं वाचून कान तयार करावेत.

राहता राहिली मालकांची अट. ती झुगारू नका, आखून घ्या. त्यांना सांगा की तारीख, पैसे, रद्द करणं, माल नाकारणं आणि दर्जाची तक्रार या पाच विषयांचे मेल मी दाखवीन, बाकीचे रोजचे थेट पाठवीन. आणि पुढे ढकलणं, अलीकडे आणणं, उशीर कळवणं, तक्रारीची पोच देणं अशा नेहमीच्या प्रसंगांचे सहा-सात मसुदे मॅनेजरांबरोबर बसून एकदा पक्के करून घ्या. मसुद्यात तारखेच्या जागी रिकामी जागा ठेवा, म्हणजे दर वेळी वाक्य नव्यानं जुळवावं लागणार नाही. वर दिलेला मेल पहिला मसुदा म्हणून घ्यायला हरकत नाही.